पाहुणे संघ बाद फेरीत: नाताळच्या सुट्टीतल्या एका हायस्कूल बास्केटबॉल स्पर्धेचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेत हायस्कूल बास्केटबॉलचा हंगाम ऐन थंडीत चालतो. नाताळची सुट्टी लागली की वर्ग बंद होतात, पण हंगाम थांबत नाही. त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात गावोगाव निमंत्रितांच्या स्पर्धा भरतात. यजमान शाळेची जिम, तिकिटाच्या खिडकीवर पालक, पॉपकॉर्न आणि नाचोंचा स्टॉल, पहिल्या रांगेत मुलं हेरायला आलेले कॉलेजांचे प्रशिक्षक, असा एकूण थाट असतो. शाळेच्या क्रीडा विभागाची वर्षाची बरीचशी कमाई या तीन-चार दिवसांत होते. गर्दी वाढावी म्हणून काही स्पर्धा परदेशातले संघही बोलावतात.

हे प्रकरण टेनेसी नदीच्या खोऱ्यातल्या एका मध्यम आकाराच्या शहरातलं, डिसेंबर २०२२ मधलं आहे. शाळा, देश आणि माणसं यांची नावं वगळली आहेत, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. आयोजन समितीत माझ्याकडे वेळापत्रक आणि पाहुण्या संघांची ने-आण होती.

मुलांचे आठ आणि मुलींचे आठ संघ होते. मुलींचे सगळे संघ शाळांचे. मुलांमध्ये सहा शाळा आणि १८ वर्षांखालील दोन राष्ट्रीय संघ: एक कॅरिबियनमधल्या बेटावरच्या देशाचा, दुसरा युरोपातल्या एका छोट्या देशाचा. प्रत्येक संघाला तीन सामने नक्की मिळणार होते. जिंकणारे वरच्या गटात आणि हरणारे खालच्या गटात खेळत राहणार, म्हणजे एकूण चोवीस सामने. २८, २९ आणि ३० डिसेंबर असे तीन दिवस आणि दोन शाळांच्या दोन जिम ठरल्या होत्या.

पाहुण्यांना आपापला हेतू होता. बेटाच्या बास्केटबॉल संघटनेला आपली मुलं अमेरिकन कॉलेजांच्या नजरेत यायला हवी होती. युरोपीय संघाला उन्हाळ्यातल्या वयोगट स्पर्धेआधी अंगापिंडानं दणकट मुलांशी खेळण्याचा सराव हवा होता. परदेशी संघ शाळांशी खेळणार असेल तर राज्याच्या हायस्कूल क्रीडा संघटनेची आणि वरच्या शिखर संस्थेची मंजुरी काढावी लागते. ते काम उन्हाळ्यातच उरकलं होतं. यजमान कुटुंबांची पडताळणी, विमा, पालकांची संमतिपत्रं, सगळी फाइल चोख होती. पाहुण्यांशी दोन पानी करारही झाला होता. त्यात राहणं, जेवण, तीन सामने आणि एक जादा आश्वासन होतं: दोन्ही राष्ट्रीय संघांची गाठ ड्रॉमध्ये पडली नाही, तर त्यांचा आपसातला एक सामना आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळवला जाईल.

संघ उशिरा पोहोचला तर काय करायचं, हे त्या दोन पानांत कुठेही नव्हतं. अडचणीच्या वेळी शेवटचा शब्द कोणाचा, हेही नव्हतं. महाराष्ट्रातल्या शालेय स्पर्धांत निदान जिल्हा क्रीडा अधिकारी तरी असतो, ज्याच्यावर चिडता येतं. इथे आम्ही नऊ जण होतो आणि सगळे स्वयंसेवक.

दोन नियमपुस्तकं

पुढचं कळायला एक गोष्ट आधी सांगायला हवी. भारतात शालेय बास्केटबॉल खेळलेल्या वाचकाला फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम अंगवळणी पडलेले असतात. अमेरिकन हायस्कूलचं पुस्तक वेगळं आहे. फिबात दहा मिनिटांचे चार क्वार्टर, इथे आठ मिनिटांचे. फिबाची तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर, इथली सुमारे ६.०२ मीटरवर. फिबाचं मैदान २८ मीटर लांब, इथलं ८४ फूट, म्हणजे सुमारे अडीच मीटरनं आखूड. फिबात चेंडू हातात आल्यापासून २४ सेकंदांत बास्केटकडे फेकावाच लागतो. हायस्कूलमध्ये असं घड्याळ, म्हणजे शॉट क्लॉक, ठेवायचं की नाही हे राज्यावर सोपवलेलं आहे. २०२२-२३ पासून ३५ सेकंदांच्या घड्याळाला रीतसर मुभा मिळाली होती, पण आमच्या राज्यानं ते घेतलं नव्हतं. म्हणजे चेंडू हातात ठेवून कितीही वेळ काढा, शॉट क्लॉक नाहीच.

फाऊलचा हिशेबही निराळा. फिबात संघाचे फाऊल क्वार्टरगणिक मोजतात आणि पाचव्या फाऊलपासून दोन फ्री थ्रो देतात. इथे त्या हंगामापर्यंत अर्ध्या सामन्याचा हिशेब एकत्र चाले. सातव्या फाऊलपासून एक फ्री थ्रो, तो पडला तरच दुसरा. दहाव्यापासून सरळ दोन. शिवाय रिंगवर आपटलेला चेंडू फिबात कोणीही उडवू शकतो. इथे तो रिंगच्या वर, रिंगच्या परिघात असेपर्यंत हात लावायचा नाही.

शाळा ज्या सामन्यात आहे तो हायस्कूलच्याच नियमांनी खेळवायचा, अशी मंजुरीची अट होती. त्यात घासाघीस करायला जागा नव्हती. पाहुण्यांना हे पत्रानं कळवलंही होतं. पण पत्र वाचून नियम कळतो, तो सतरा वर्षांच्या पोराच्या हातापायांत उतरत नाही.

काय बिघडलं

२३ डिसेंबरला मध्य आणि पूर्व अमेरिकेवर हिमवादळ कोसळलं. पारा काही तासांत शून्याखाली पार खोल गेला. १९३३ साली स्थापन झालेल्या टेनेसी व्हॅली अथॉरिटीला, म्हणजे या खोऱ्याला वीज पुरवणाऱ्या सरकारी महामंडळाला, आपल्या इतिहासात पहिल्यांदाच आळीपाळीनं वीज तोडायला सांगावी लागली. २४ तारखेला नॅशव्हिलमधला व्यावसायिक फुटबॉलचा सामनासुद्धा त्यापायी तासभर उशिरा सुरू झाला.

आमच्या दुसऱ्या जिमचं हीटिंग सुट्टीमुळे कमी ठेवलेलं होतं. त्यात वीज गेली, छतातला आगविरोधी पाण्याचा पाइप गोठला आणि २४ च्या दुपारी फुटला. चौकीदार पोहोचेपर्यंत अर्ध्या कोर्टावर पाणी साचलं होतं. मेपलच्या लाकडाची जमीन पाणी पिते आणि फळ्यांच्या कडा वर उचलल्या जातात. संध्याकाळी तिथे अनवाणी चाललं तरी तळव्याला खाचा लागत होत्या. ती जिम हंगामापुरती बाद झाली.

दुसरीकडे, वादळ सरलं तरी एका मोठ्या विमान कंपनीचा गाडा रुळावर येईना. कोणता वैमानिक आणि कोणता कर्मचारी कुठे आहे, हे जुळवणारी तिची यंत्रणाच कोलमडली. २१ ते ३१ डिसेंबर या काळात तिची सुमारे १६,९०० उड्डाणं रद्द झाली आणि वीस लाखांहून जास्त प्रवासी अडकले. पुढे वर्षभरानं अमेरिकेच्या वाहतूक खात्यानं त्याबद्दल तिला १४ कोटी डॉलरचा दंड केला. आमचा बेटावरचा संघ, बारा खेळाडू आणि चार मोठी माणसं, २६ च्या दुपारी ऑरलँडोला उतरला आणि तिथेच अडकला. युरोपीय संघ दुसऱ्या कंपनीनं, दुसऱ्या वाटेनं वेळेवर आला.

पहिला निर्णय: एक कोर्ट, चोवीस सामने

२५ तारखेला, लोक घरी टर्की कापत असताना, आमची फोनवर बैठक झाली. मुलींची स्पर्धा रद्द करावी अशी एक सूचना आली आणि तिथल्या तिथे मोडीत निघाली. त्या शाळा महिनाभर आधी करार करून बसल्या होत्या. शिवाय मुलींना वगळून मुलांचे सामने वाचवणं कोणाच्याच पचनी पडलं नसतं. दुसरी सूचना चर्चच्या जिमची. दक्षिणेत मोठ्या चर्चकडे स्वतःची जिम असते आणि एक चर्च विनामोबदला द्यायला तयार होतं. पण कोर्ट आखूड, रेषेपासून भिंत चार पावलांवर, बसायला शंभरेक खुर्च्या. खालच्या गटातले सामने तिथे न्यावेत म्हटल्यावर दोन शाळांच्या कोचनी साफ नकार दिला.

उरला तिसरा मार्ग: एकाच कोर्टावर रोज आठ सामने, सकाळी नऊपासून, दीड-दीड तासाच्या अंतरानं. आठ मिनिटांचे क्वार्टर असल्यामुळे ते कागदावर बसत होतं. आम्ही ते केलं. बसलं खरं, पण दिवसभरात श्वास घ्यायलाही फट उरली नाही. एखादा सामना जादा वेळेत गेला की पुढचे सगळे सरकणार. फिबाच्या नियमांचा जो सामना कबूल केला होता, त्याला पावणेदोन-दोन तास लागले असते आणि त्यासाठी तीन दिवसांत कुठेच जागा नव्हती. ही गोष्ट त्या फोनवर कोणी काढली नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पाणी साचलेलं कोर्ट होतं.

माझं मत विचाराल तर चर्चचं कोर्ट नाकारणं ही या प्रकरणातली सगळ्यात महाग पडलेली गोष्ट. रोजचे दोन सकाळचे सामने तिकडे गेले असते तर मुख्य कोर्टावर तीन तास मोकळे राहिले असते. कोचना भिंतीची भीती रास्त होती, पण भिंतीला गाद्या लावता येतात. ते आम्ही त्यांना विचारलंच नाही.

दुसरा निर्णय: ऑरलँडो

२६ च्या रात्री विमान कंपनीनं सांगितलं की सोळा जागा एकत्र ३० तारखेच्या आधी मिळणार नाहीत. ३० ला आमची स्पर्धा संपत होती.

रस्त्यानं अंतर साडेपाचशे मैलांच्या वर. संघाचा मॅनेजर म्हणाला, दोन पंधरा आसनी व्हॅन भाड्यानं घेतो, मी आणि कोच चालवतो. त्यांची तयारी होती आणि खर्चही कमी होता. पण या व्हॅन भरल्या की उलटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेनं त्याबद्दल वारंवार इशारे दिलेत आणि शाळकरी मुलांच्या ने-आणीसाठी नव्या पंधरा आसनी व्हॅन विकण्यावर केंद्राचा निर्बंध आहे. परदेशी संघाला तो कायदा लागू होतो का, यावर आमच्यातल्या वकील पालकानं फोनवर पाच मिनिटं घालवली. मग यजमान शाळेच्या क्रीडा संचालकांनी विषय संपवला: आपल्या शाळेची मुलं असती तर आपण रात्रीच्या वेळी, रात्रभर न झोपलेल्या माणसाच्या हाती व्हॅन दिली असती का? पूर्ण आठवड्यात इतका सोपा निर्णय दुसरा झाला नाही.

भाड्याची मोठी बस हवी तर तीच मागणी त्या आठवड्यात हजारो अडकलेल्यांची होती. फ्लोरिडातल्या एका बसवाल्याकडे २७ च्या रात्री अकराला बस मिळाली. अमेरिकेत प्रवासी बसचा ड्रायव्हर सलग आठ तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त दहा तास गाडी चालवू शकतो. हा प्रवास त्या मर्यादेला टेकत होता, म्हणून बसवाल्यानं दोन ड्रायव्हर लावले आणि बिल तसंच लावलं. पाहुण्यांच्या खर्चासाठी राखलेली सगळी रक्कम त्यात गेली, वर आणखी पैसे घालावे लागले. दरम्यान आठवा संघ म्हणून जवळची एखादी शाळा घ्यावी असाही आग्रह होता. पण तिकिटं विकली गेली होती ती राष्ट्रीय संघाच्या नावावर, आणि सुट्टीत पांगलेला संघ एका दिवसात कोण उभा करणार?

२६ ची रात्र मुलांनी विमानतळावर काढली. उपाहारगृहांची शटर खाली आलेली होती. ऑरलँडोतल्या एका मराठी मित्राला मी फोन केला, तर त्यानं आणखी दोन कुटुंबं गोळा केली आणि रात्री साडेदहाला व्हेज पुलाव, पराठे आणि केळी घेऊन सगळे टर्मिनलवर हजर झाले. तिखट कमी घाला असं मी सांगितलं होतं. ते कोणी मनावर घेतलं नव्हतं, असं मॅनेजरनं नंतर डोळे पुसायची नक्कल करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मिळून हॉटेलात चारच खोल्या मिळाल्या, त्याही दुपारपुरत्या.

तिसरा निर्णय: जर्सीवरचे आकडे

२७ च्या संध्याकाळी तांत्रिक बैठकीत पंचप्रमुखांनी युरोपीय संघाची यादी हातात घेतली आणि चष्मा कपाळावर सरकवला. यादीत ७, ८, ९, १८ असे नंबर होते. हायस्कूलच्या तेव्हाच्या नियमात जर्सीवर ० ते ५ हेच आकडे चालत. कारण साधं आहे: पंच फाऊल करणाऱ्याचा नंबर बोटांनी टेबलाला दाखवतो, एका हाताची बोटं पाच. बेकायदा नंबर म्हणजे टेक्निकल फाऊल. फिबात ९९ पर्यंत काहीही चालतं, त्यामुळे पाहुण्यांच्या मनातही हे आलं नव्हतं.

यजमान शाळेनं आपल्या जुन्या जर्सी देऊ केल्या. संघाच्या मॅनेजरनं नम्रपणे पण ठामपणे नकार दिला, छातीवर देशाचं चिन्ह नसलेला सदरा घालून राष्ट्रीय संघ उतरणार नाही. त्यांचं बरोबरच होतं. राज्य संघटनेचं कार्यालय सुट्टीवर, फोन वाजत राहिला.

मार्ग काढला तो शाळेच्या ट्रेनरनं, म्हणजे मुलांचे घोटे-गुडघे बांधणाऱ्या बाईंनी. निळ्या जर्सीवर पांढरे आकडे होते आणि त्यांच्याकडे त्याच निळ्याची चिकटपट्टी होती. ८ ची डावी बाजू दोन ठिकाणी झाकली की ३ होतो. १८ चा १३ झाला. ७ ची आडवी रेघ झाकली आणि तो १ म्हणून पंचप्रमुखांनी मान्य केला. ९ ची उजवी वरची बाजू झाकली की ५. चार जर्सी टेबलावर पसरून, कात्री घेऊन अर्ध्या तासात काम झालं. नवे नंबर स्कोअरबुकात चढले. घामानं पट्टी सुटू नये म्हणून प्रत्येक टाइमआउटला एक मुलगा पाठी चाचपत होता, आणि पहिल्या सामन्यात एकदा ३ चा पुन्हा ८ झालाच. पंचांनी खेळ थांबवून पट्टी दाबून घेतली, फाऊल दिला नाही.

हे ऑक्टोबरमध्ये जर्सीचा एक फोटो मागवून सुटलं असतं. यादी आमच्याकडे होती. नंबरांचा रकाना कोणी त्या नजरेनं वाचला नव्हता.

चौथा निर्णय: त्याच रात्री खेळवायचं का

बस २८ च्या दुपारी बाराच्या सुमारास पोहोचली. त्यांचा सामना संध्याकाळी साडेसातला, यजमान शाळेशी, पहिल्या दिवसाचा सगळ्यात जास्त तिकिटं गेलेला. मुलांना सलग दोन रात्री धड अंथरूण मिळालेलं नव्हतं.

ट्रेनरबाईंचं म्हणणं स्पष्ट होतं: आज नको. मग कधी? २९ ला सकाळी साडेसातला खेळवला तर दोन्ही संघांना एका दिवसात दोन सामने पडत होते आणि यजमान कोच त्याला तयार नव्हता. आपल्या मुलांनी पाहुण्यांच्या उशिराची किंमत का द्यावी, हा त्याचा सवाल. यजमानांना पुढे चाल देऊन पाहुण्यांना थेट खालच्या गटात टाकायचं, हा कागदावर सगळ्यात स्वच्छ मार्ग. त्याला बेटाच्या कोचनी हात जोडले. म्हणाले, मुलांनी बसमध्ये झोप काढली आहे, न खेळता हरायला आम्ही इतक्या लांब आलो नाही.

इथे ठरवणार कोण, हाच प्रश्न होता. थकलेल्या संघाचा कोच स्वतः खेळू म्हणतो, तेव्हा त्याचं ऐकावं असं आम्हा बहुतेकांना वाटलं. पण कोचला मुलांपलीकडे आपल्या संघटनेलाही तोंड द्यायचं असतं. ज्या माणसाला नकाराची किंमत मोजावी लागते, त्याच्या होकारावर अशा वेळी किती विसंबायचं? ट्रेनरबाईंवर असं कुठलंच ओझं नव्हतं. त्यांचं मत मात्र नऊ मतांतल्या एका मतासारखंच मोजलं गेलं.

शेवटी तडजोड झाली. हा सामना दीड तास ढकलून रात्री नऊला ठेवला. मुलांना हॉटेलात सहा तास झोपायला मिळालं. सामना सुरू झाला, पहिला क्वार्टर बरोबरीचा गेला आणि जिम दणाणून गेली. दुसऱ्यात पाय जड झाले. तिसऱ्याच्या शेवटी फरक विसाच्या वर होता आणि बेटाच्या दोन मुलांच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. हायस्कूलच्या नियमात एक सोय आहे: दोन्ही कोच आणि पंच एकमतानं उरलेला वेळ कमी करू शकतात. यजमान कोचनंच ती काढली. स्वतःचे पहिले पाच त्यानं आधीच बाकावर बसवले होते. तो टेबलापाशी गेला, पाहुण्या कोचच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला आणि शेवटचा क्वार्टर पाच मिनिटांचा झाला. दुपारी दुसऱ्याच्या उशिराची किंमत का द्यावी म्हणणारा हाच माणूस होता. दुखापत कोणाला झाली नाही, पण तेवढ्यावरून निर्णय बरोबर होता असं ट्रेनरबाई अजून मानत नाहीत. मीही मानत नाही.

शॉट क्लॉक नसलेली मिनिटं

युरोपीय संघ पहिला सामना सहज जिंकला, जरी त्यांच्या उंच सेंटरनं रिंगवरचे चेंडू सवयीनं उडवले आणि पहिल्या अर्ध्यात तीनदा त्याची शिट्टी वाजली. २९ ला उपांत्य फेरीत त्यांची गाठ राज्यातल्या एका कसलेल्या शाळेशी पडली. शेवटची अडीच मिनिटं उरली असताना शाळा दोन गुणांनी पुढे होती. कोचनं चार बोटं वर केली. पाच मुलं कोर्टाच्या कोपऱ्यांत पसरली आणि चेंडू नुसता फिरत राहिला. तीस सेकंद झाली, चाळीस झाली, बास्केटकडे कोणी बघेना. पाहुण्यांच्या मुलांची मान सारखी बॅकबोर्डच्या वर जात होती, जिथे २४ चं घड्याळ असायला हवं होतं.

आता फाऊल करून चेंडू मिळवायचा, तर त्यांचे दुसऱ्या अर्ध्यातले फाऊल फक्त चार. पाचवा केला, सहावा केला, दोन्ही वेळा शाळेला नुसता बाहेरून चेंडू मिळाला आणि वेळ वाहून गेला. सातव्याला फ्री थ्रो आला तेव्हा एकोणीस सेकंद उरली होती. चार गुणांनी हरले. स्वच्छ खेळले म्हणून शेवटी नडले, असं त्यांचा कोच नंतर हसत म्हणाला. स्थानिक प्रेक्षकांतल्या काहींनी आपल्याच राज्याच्या शाळेची हुर्यो उडवली. शाळेच्या कोचला मी दोष देणार नाही. पुस्तकात बसणारं आणि जिंकून देणारं तेच होतं.

कबूल केलेला सामना

आम्ही दोन्ही राष्ट्रीय संघ ड्रॉच्या दोन टोकांना ठेवले होते, गाठ पडलीच तर अंतिम फेरीत पडावी आणि तिकिटं खपावीत म्हणून. एक पहिल्याच सामन्यात आणि दुसरा उपांत्य फेरीत हरल्यावर गाठ पडणारच नव्हती, म्हणजे करारातलं आश्वासन लागू झालं. ३० ला आठ सामन्यांत नववा बसत नव्हता. युरोपीय संघाचं विमान ३१ च्या संध्याकाळी होतं. म्हणून ३१ च्या सकाळी दहाला.

त्यासाठी जे केलं ते समितीनं त्या आठवड्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम. ३० च्या रात्री अंतिम सामना संपल्यावर रिंगच्या मध्याखालून ६.७५ मीटर दोरी धरून दोन्ही बाजूंना रंगाऱ्यांच्या निळ्या टेपनं नवी कमान आखली. शॉट क्लॉकसाठी दोन्ही बेसलाइनच्या मागे स्टँडवर टॅब्लेट लावले आणि कॉलेजच्या सामन्यांत टेबलावर काम केलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी हातात भोंगा घेतला. आक्रमणाचा रिबाउंड मिळाला की २४ ऐवजी १४ वर घड्याळ आणायचं, हे त्यांनी रात्री घरी बसून घोकलं होतं. टॅब्लेट दोनदा एकमेकांच्या पुढे-मागे झाले. कोणी तक्रार केली नाही.

तिकीट लावलं नव्हतं. वर्षाचा शेवटचा दिवस, दुपारपासून टीव्हीवर कॉलेज फुटबॉलचे उपांत्य सामने, त्यामुळे जेमतेम तीन बाक भरले. त्या आठवड्यातलं सगळ्यात वेगवान बास्केटबॉल तेव्हा झालं. तीन रात्री पलंगावर झोपलेला बेटाचा संघ २८ ला पाहिलेला तो संघच वाटत नव्हता. ते जिंकले. मात्र ज्यांच्यासाठी ते एवढ्या लांबून आले होते, ते कॉलेजांचे प्रशिक्षक आदल्या रात्रीच निघून गेले होते.

परिणाम आणि पुढचं वर्ष

हिशेब तोट्यात गेला, फार नाही. बसच्या बिलातला मोठा भाग विमान कंपनीनं बऱ्याच पत्रव्यवहारानंतर पुढच्या उन्हाळ्यात परत केला. दुसऱ्या शाळेनं जिमची जमीन पूर्ण बदलली.

जानेवारीत झालेल्या आढावा बैठकीत वाद एकाच गोष्टीवर झाला: पाहुण्यांना बाद फेरीत ठेवायचं का. माझी बाजू ही की ठेवू नये. समुद्रापलीकडून येणारा संघ कधी ना कधी उशिरा येणारच, आणि बाद फेरीत एक संघ अडकला की त्याच्या पुढचे सगळे सामने अडकतात. त्याचे तीन सामने आधीच ठरवलेल्या, राजी असलेल्या शाळांशी लावले तर सामना पुढे-मागे करायला दोनच कोचना विचारावं लागतं. दुसरी बाजू हलकी नव्हती. राष्ट्रीय संघाला हरवून करंडक जिंकण्याची संधी, याच आमिषावर चांगल्या शाळा येतात, आणि ठरवून लावलेल्या सामन्याला प्रेक्षक दिखाऊ समजतात. मतदानात आमची बाजू एका मतानं जिंकली.

२०२३ च्या करारात काही कलमं नवी आली. पाहुण्या संघानं ४८ तास आधी पोहोचायचं. जर्सीचे फोटो ऑक्टोबरात पाठवायचे. रोज एक वेळ रिकामी ठेवायची. स्पर्धा संचालक एकच आणि त्याचा शब्द शेवटचा, फक्त मुलांच्या प्रकृतीच्या बाबतीत ट्रेनर त्याच्यावर. या शेवटच्या वाक्यावर सर्वांत कमी चर्चा झाली. नियमांतली एक दरी योगायोगानं वरूनच बुजली. २०२३-२४ पासून हायस्कूलनंही फाऊल क्वार्टरगणिक मोजायला आणि पाचव्याला दोन फ्री थ्रो द्यायला सुरुवात केली.

चेंडू फिरवत ठेवून जिंकलेल्या त्या शाळेनं पुढच्या वर्षीचं निमंत्रण नाकारलं. पाहुणे ड्रॉमध्ये नसतील तर आम्हाला घराजवळच्या स्पर्धा बऱ्या, असं त्यांच्या कोचनं कळवलं. त्यांच्या जागी दुसरी शाळा आठवड्याच्या आत मिळाली. बेटाचा संघ २४ डिसेंबरलाच येऊन दाखल झाला, आणि त्यांच्या मॅनेजरनं आधी पत्र पाठवून विचारून घेतलं की कॉलेजांचे कोणकोण प्रशिक्षक येणार आहेत.